बोधीचा पुरावा कुठे शोधायचा? त्रिरश्मी ते इगतपुरी

माझा पहिला सिनॉप्सिस परत आला होता, तिथूनच सुरुवात करतो. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा सेट-नेटची तयारी करताहेत आणि विषय ठरवण्याच्या खटपटीत आहेत. माझी चूक तुमच्या कामी येईल.

मी मुळात रसायनशास्त्राचा. एमएस्सीनंतर दोन वर्षं नाशिकलाच, अंबडच्या एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काढली. मग पालीचा नाद लागला आणि पीएचडीला विपश्यनेचा इतिहास हा विषय घेतला. लॅबची सवय अंगात होती, त्यामुळे पहिलंच उद्दिष्ट ठोकून दिलं: ‘विपश्यना साधनेतून बोधी कशी मिळते हे सिद्ध करणे.’ समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “पुरावा कुठला देणार?” मी म्हणालो, “त्रिपिटक.” त्या म्हणाल्या, “तो दावा झाला. पुरावा सांगा.”

मला काही बोलता आलं नाही. सहा महिने गेले. पण त्या सहा महिन्यांत एक गोष्ट नीट कळली. ‘विपश्यनेने बोधी मिळते का?’ हा एक प्रश्न नाही, त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. ग्रंथ काय सांगतात? त्या त्या काळात माणसं प्रत्यक्षात काय करत होती? आणि करणाऱ्याला जो अनुभव आला, तो खरा की भास, हे ठरवायचं कसं? तिन्हींचा पुरावा वेगवेगळ्या जागी असतो. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरलं की सिनॉप्सिस परत येतो.

ग्रंथातली साखळी

आधी पहिला प्रश्न. विपश्यना, पालीत विपस्सना, म्हणजे विशेष रीतीने पाहणं. काय पाहायचं ते मज्झिमनिकायातल्या दहाव्या सुत्तात, सतिपट्ठान सुत्तात, येतं: काया, वेदना, चित्त आणि धम्म. इथे ‘वेदना’ या शब्दाशी जरा थांबा. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत सुखद, दुःखद आणि दोन्ही नाही अशी, म्हणजे कोणतीही जाणीव ही वेदनाच.

आता यातून मुक्ती कशी मिळते, याचं स्पष्टीकरण प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत आहे. इंद्रियाला विषयाचा स्पर्श होतो, स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान म्हणजे घट्ट धरून बसणं, आणि पुढे दुःखाची सगळी रांग. डोळे मिटून बसलात आणि नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, की हात आपोआप वर जातो. खाज ही वेदना, ‘ही नको’ ही तृष्णा, आणि दोन्हींच्या मधली फट आपल्या लक्षातही येत नाही. साधना नेमकी त्या फटीत उभी राहते. खाजेकडे नुसतं पाहिलं तर ती वाढते, बदलते आणि जाते. हे एकदा पाहून काही होत नाही. हजार वेळा पाहिल्यावर अनित्यता ही ऐकीव गोष्ट राहत नाही. जे टिकत नाही ते समाधान देऊ शकत नाही, हे दुःख. आणि जे आपल्या हुकमात नाही त्याला ‘मी’ म्हणता येत नाही, हे अनात्म. हे दिसलं की पकड सैल होते, विराग येतो आणि शेवटी सुटका होते. सुत्ताच्या शेवटी चक्क मुदत दिलेली आहे: सात वर्षं, आणि तिथून उतरत उतरत सात दिवस. फळ दोनपैकी एक, अर्हत्त्व किंवा अनागामी अवस्था.

सुत्तात एवढंच आहे. पायऱ्यांचा तपशीलवार जिना नंतरचा. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला आणि सात विशुद्धींच्या चौकटीत विपश्यनेची ज्ञानं क्रमाने मांडली. पुढच्या परंपरेने ती सोळा मोजली. नाम आणि रूप वेगळं ओळखण्यापासून सुरुवात, मग उदय-व्यय दिसणं, मग नुसता भंग, त्यातून भय, निर्वेद, सुटण्याची इच्छा, शेवटी संस्कारांबद्दल उपेक्षा आणि मग मार्ग व फल. पहिल्या फलाला, म्हणजे स्रोतापन्न अवस्थेत, दहापैकी तीन बंधनं तुटतात: ‘हा देह-मन म्हणजे मी’ ही दृष्टी, मार्गाबद्दलची शंका, आणि व्रत-कर्मकांडानेच शुद्ध होऊ हा समज.

हा जड ग्रंथ देवनागरीत छापून आपल्या हाती देणारा माणूस आपलाच. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. घर सोडून श्रीलंका, ब्रह्मदेश फिरून पाली शिकले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, आणि १९४० मध्ये त्यांनी संपादित केलेला ‘विसुद्धिमग्ग’ मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढला. हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये आली.

हे सगळं वाचून मी खूश होतो. पण मॅडमचं वाक्य डोक्यात होतं. हा अजून दावाच होता.

लेण्यातला हिशोब

मग दुसरा प्रश्न घेऊन मी पांडवलेणीवर गेलो. लहानपणी सहलीला गेलेलो, तेव्हा फक्त पायऱ्या मोजल्या होत्या. हा डोंगर म्हणजे शिलालेखांतला त्रिरश्मी. एकूण चोवीस लेणी. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले.

त्यातला एक लेख म्हणजे सरळ गुंतवणुकीचा कागद आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ती रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हजाराच्या व्याजातून इतर किरकोळ खर्च.

आता हिशोब करून बघा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर जुळतं, एकही कार्षापण इकडचा तिकडे नाही. लेण्यात उभं राहून मोबाइलवर हा गुणाकार केला तेव्हा पहिल्यांदा मला ती माणसं खरी वाटली. कुणीतरी बसून हे बेतलं होतं. पावसाळ्याचे तीन महिने वीस माणसं इथे राहणार, त्यांना कपडा लागणार.

शेजारीच नंतरच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली आहे. म्हणजे राहणं, कपडा, औषध, सगळ्याची सोय दगडात कोरलेली आहे.

पण डोळे मिटून ती माणसं काय करत होती? मी वाचलेल्या लेखांत त्याबद्दल एक अक्षर नाही. कुणी स्रोतापन्न झालं, कुणी अर्हत झालं, काही नाही. बुद्धघोषाचा जिना घेऊन या लेण्यात शिरायचीही सोय नाही, कारण तो ग्रंथ या लेखांच्या कितीतरी नंतरचा. शिवाय तिसऱ्या लेण्याच्या दानलेखात भद्रायनीय या निकायाचं नाव आहे, आणि विसुद्धिमग्ग श्रीलंकेच्या थेरवादी परंपरेचा. संशोधनात हा मोह फार होतो: रिकामी जागा दिसली की दुसरीकडचा ग्रंथ आणून ती भरायची.

गप्प राहण्याचा नियम

मला आधी वाटलं, पुरावा नाही म्हणजे विषय संपला. मग विनयपिटक वाचताना चौथ्या पाराजिकेपाशी थांबलो. पाराजिका म्हणजे ज्याने भिक्खू संघातून कायमचा बाद होतो असा अपराध. असे चारच आहेत: मैथुन, चोरी, मनुष्यहत्या, आणि चौथा, आपल्याला नसलेली लोकोत्तर अवस्था आहे असं खोटं सांगणं. म्हणजे बोधीचा खोटा दावा खुनाच्या पंक्तीत बसवलाय. आणि अवस्था खरीच लाभली असेल, तरी ती संघाबाहेरच्या माणसाला सांगणं हाही दोषच, अर्थात हलका.

नियम का आला त्याची कथाही तिथेच आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी युक्ती केली: गृहस्थांपुढे एकमेकांच्या सिद्धींची स्तुती करायची. लोकांनी पोटाला चिमटा काढून त्यांना वाढलं. इतर भिक्खू दुष्काळात वाळले, हे मात्र गुबगुबीत होऊन आले. आजच्या भाषेत सांगायचं तर निष्कर्षावर जेवण अवलंबून असलं की निष्कर्ष बिघडतो.

भद्रायनीयांचा स्वतःचा विनय आज उपलब्ध नाही. पण ज्या निकायांचे विनय उपलब्ध आहेत त्या सगळ्यांत हा नियम आहे. आता उषवदाताचा लेख पुन्हा वाचा. चीवराचे बारा कार्षापण कुणाला? जो इथे वर्षावास करेल त्याला. ज्याला काही प्राप्त झालं त्याला नव्हे. अट फक्त राहण्याची आहे. त्रिरश्मीच्या शांततेचं एकमेव कारण हा नियम आहे असं मी म्हणत नाही, दानलेखाचा विषयच दान असतो. पण ज्या समाजात दावा करणंच निषिद्ध आहे, तिथे दाव्याची नोंद नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, कुठल्याही विषयात उपयोगी पडेल.

राजा रत्नागिरीत, साधना घराघरांत

मग डोंगरातल्या भिक्खूंची ही साधना आज तुमच्या-आमच्यासारख्या घरगृहस्थीच्या माणसांपर्यंत आली कशी? या कथेतही महाराष्ट्र मध्येच डोकावतो. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत करून पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस तुम्ही पाहिला असेल.

राजा गेला म्हणजे संघाचा पोशिंदा गेला. आता बुद्धशासन टिकवायचं कुणी? यावर लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांनी दिलेलं उत्तर असं की ते सामान्य गृहस्थांनी टिकवायचं. त्यांनी सोप्या बर्मी भाषेत अभिधम्म लिहिला, गावोगाव शिकवला आणि गृहस्थांनाही साधनेला बसवलं. त्यांच्या परंपरेत सया थेट्जी हे शेतकरी आचार्य झाले, आणि त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन तर स्वतंत्र ब्रह्मदेशचे अकाउंटंट जनरल होते. त्यांनी १९५२ मध्ये रंगूनला साधना केंद्र काढलं. तिथे १९५५ मध्ये मंडालेत जन्मलेले एक व्यापारी अर्धशिशीला कंटाळून आले. ते सत्यनारायण गोयंका. १९६९ मध्ये गोयंका गुरुजी भारतात आले, जुलैत मुंबईला पहिलं शिबिर झालं, आणि १९७६ पासून आपल्या जिल्ह्यात, इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. पांडवलेणी आणि धम्मगिरी एकाच मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत, मध्ये चाळीसेक किलोमीटर.

त्याच काळात ब्रह्मदेशातच महासी सयाडो (१९०४–१९८२) वेगळी पद्धत शिकवत होते: पोटाचं वर-खाली होणं पाहायचं आणि जे घडेल त्याची मनात नोंद करायची. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत तीन दिवस आनापान म्हणजे श्वास, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. दोघांचा आधार सतिपट्ठानच. म्हणजे ‘विपश्यनेने बोधी मिळते का’ असं विचारलंत, तर इतिहासाचा विद्यार्थी आधी विचारेल: कुठली विपश्यना, कधीची, कुणाची?

घोस्ट पीक

तिसरा प्रश्न उरला, अनुभवाचा. सिनॉप्सिस परत आल्यावर मी इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला बसलो. खोटं कशाला बोलू, डेटा आणायलाच गेलो होतो. पहिले सहा दिवस गुडघे आणि कंटाळा. सातव्या दिवशी दुपारी अचानक सगळं अंग बारीक लहरींचं झालं. गुडघा नाही, पाठ नाही, नुसता प्रवाह. डोळ्यांत पाणी आलं. मनात पहिलं वाक्य आलं, ‘मिळालं!’ आणि दुसरं, ‘मॅडमना आता सांगतोच.’ आचार्यांना भेटलो तर ते एवढंच म्हणाले, “येईल, जाईल. समता ठेवा.” दुसऱ्या दिवशी ते गेलं. परत गुडघे. दिवसभर मी ते पुन्हा यावं म्हणून तडफडत बसलो होतो.

घरी येऊन विसुद्धिमग्गातलं विसावं प्रकरण पुन्हा उघडलं. उदय-व्यय दिसू लागतो त्या टप्प्यावर बुद्धघोषाने दहा उपक्लेश सांगितले आहेत: प्रकाश, ज्ञान, प्रीती, शांतता, सुख, श्रद्धा, उत्साह, सजगता, उपेक्षा आणि निकंती, म्हणजे सूक्ष्म ओढ. यांपैकी नऊ गोष्टी वाईट नाहीत. बिघडतं ते दहाव्यामुळे. साधकाला त्या आवडतात, ‘हाच मार्ग’ असं वाटतं आणि तो तिथेच बसतो.

क्यूसीत काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एचपीएलसी मशीनवर कधी कधी असा पीक येतो ज्याचा सॅम्पलशी संबंधच नसतो. आधीच्या इंजेक्शनचा अंश राहिलेला असतो किंवा द्रावणात अशुद्धी असते. त्याला घोस्ट पीक म्हणतात. दिसायला तो अगदी खऱ्यासारखा, म्हणून आधी ब्लँक चालवायचा. माझा सातवा दिवस म्हणजे माझा घोस्ट पीक. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाने तो नावानिशी लिहून ठेवला होता, आणि चौथ्या पाराजिकेतही प्रामाणिक गैरसमजाने केलेल्या दाव्याला सूट आहे. म्हणजे माणूस खोटं न बोलताही चुकू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मग खरं ओळखायचं कशाने? उदानात पसेनदी राजाची गोष्ट आहे. काही तपस्वी समोरून जातात, राजा त्यांना हात जोडतो आणि बुद्धाला म्हणतो, हे अर्हतांपैकीच असणार. बुद्ध म्हणतो, महाराज, तुम्हाला हे कळणं कठीण. शील कळतं ते सोबत राहून, तेही दीर्घकाळ, लक्ष देऊन. तेव्हा राजा कबूल करतो: ते सगळे माझेच हेर आहेत, आता जाऊन अंघोळ करतील, अत्तर लावतील आणि मजेत राहतील. म्हणजे परंपरेची स्वतःची कसोटी एखाद्या क्षणाची नाही, सहवासाची आहे. बंधन तुटलं की नाही, हे वागण्यात वर्षानुवर्षं दिसायला हवं.

बाबासाहेबांचा प्रश्न

आणि वागण्यात म्हणजे कुठे? हा प्रश्नही याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले; त्यांतला शेवटचा भिक्खूबद्दलचा आहे. बुद्धाने संघ निर्माण केला तो परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी, की लोकांची सेवा करणारा माणूस घडवण्यासाठी? केवळ परिपूर्ण माणूस असलेला भिक्खू धम्माच्या प्रसाराच्या उपयोगाचा नाही, असा त्यांचा रोख आहे. आमच्या भागात आजही एकाच घरात एक जण शिबिराला जातो आणि दुसरा विचारतो, “डोळे मिटून अन्याय जातो का?” हा वाद बाजूला ठेवून विपश्यनेचा इतिहास लिहिता येणार नाही. बोधीची खूण वागण्यातच पाहायची असेल, तर ते वागणं फक्त साधना-कक्षातलं कसं धरता येईल?

माझं पहिलं उद्दिष्ट आता बदललंय: ‘विपश्यना परंपरेत बोधीचा दावा कसा मांडला गेला, कसा रोखला गेला आणि कसा पडताळला गेला, याचा अभ्यास करणे.’ मॅडमनी वाचून विचारलं, “आता पुरावा?” मी म्हणालो, “विनय, विसुद्धिमग्ग, शिलालेख, आणि शिबिरांची पद्धत.” त्यांनी सही केली.

तुमच्या विषयातही एखादं ‘सिद्ध करणे’ असेल तर त्याला आधी तीन रकाने पाडा: दावा, व्यवहार, अनुभव. प्रत्येकापुढे साधन लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका, तो रिकामा का आहे ते शोधा. आणि पांडवलेणीला जाल तेव्हा दहाव्या लेण्यात थोडा वेळ थांबा. विसाला बाराने गुणा, मग आतल्या एखाद्या खोलीत दहा मिनिटं शांत बसा. काही विलक्षण वाटलं, तर लगेच उद्दिष्टांत लिहू नका.